एकाने कमी

त्रिशला मगदूम संख्या सिद्धांताचा पहिला तास नेहमी नवऱ्याच्या काळजापासून सुरू करायची.

नवरा सुकुमार. मिरजेबाहेर म्हैसाळ रस्त्यावर त्याची रोपवाटिका होती. काही वर्षांपूर्वी भरदिवसा शेवंतीच्या वाफ्यात तो कोसळला. हृदयाचा ठोका मध्येच हरवतो, असं निदान झालं आणि छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली, ‘हृद्ताल’ नावाचं चपटं यंत्र बसवलं गेलं. ठोका हरवला की यंत्र तो भरून काढायचं. यंत्रासोबत एक कार्ड मिळालं होतं आणि त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत एक संख्या छापली होती. सहाशे सतरा अंकी.

ती संख्या संगणकाच्या पडद्यावर लावून त्रिशला विचारायची, “ओळखा पाहू हिला.”

त्या दिवशीही तिने तेच विचारलं. दुपारच्या जेवणानंतरचा तास, कॉलेजची संगणक प्रयोगशाळा, शेवटच्या वर्षाची पोरं.

“विषम आहे, मॅडम,” एक जण म्हणाला. “शेवटी सात आहे.”

“मूळ की संयुक्त?”

पहिल्या बाकावरच्या श्रावस्ती कांबळेने कसोटी लावून पाहिली होती. “संयुक्त. मूळ संख्येचा नियम पाळत नाही. पण तुकडे कुठले ते कळत नाही.”

“बरं. परिपूर्ण, विपुल की न्यून?”

“न्यूनच असणार. एकही लहान अवयव नाही. विभाजकांची बेरीज हिच्या पासंगालाही पुरायची नाही.”

“शाब्बास. म्हणजे गाव कळलं, घराणं कळलं, फक्त आईबाप कळत नाहीत.” वर्ग हसला. त्रिशला पुढे सांगू लागली. “ही दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार आहे. गुणाकार सगळ्यांना दिसतो, त्या दोघी कुणाला दिसत नाहीत. ज्याच्यापाशी त्या दोघी आहेत, त्याचाच हुकूम यंत्र ऐकतं. ठोका वाढव, कमी कर, बंद हो, काहीही. बनवणारी कंपनी तर बुडाली, किल्ल्या तिच्याबरोबर गेल्या. आता जगात कुणीच हे कुलूप उघडू शकत नाही. बघायचंय?”

मग दरवर्षीप्रमाणे तिने संख्या फोडण्याची एकेक जुनी रीत लावून दाखवली. एकेक रीत हात टेकत गेली. शेवटची रीत दरवर्षी तास संपेपर्यंत चालायची आणि अर्धवट बंद करावी लागायची. यंदा कॉलेजात नवा, दांडगा संगणक आला होता. त्रिशलाने सकाळीच तो कामाला लावला होता, म्हणजे पोरांना सांगता येईल की बघा, सकाळपासून झटतोय बिचारा.

ती ते सांगायला तोंड उघडणार एवढ्यात पडद्यावर दोन ओळी उमटल्या. दोन लांबलचक संख्या. खाली एकच शब्द: ‘पूर्ण’.

“मॅडम, फुटली की!” श्रावस्ती ओरडली. व्हिडिओ घ्यायला तिने फोन वर धरला होता.

त्रिशलाने त्या दोन संख्यांचा गुणाकार करून पाहिला. शेवटी सात आलं. आधीचे सगळे अंकही तेच आले. तिने पटकन पडद्याचा दिवा घालवला.

“प्रोग्राममध्ये चूक आहे,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. “तास संपला. जा तुम्ही.”

खोली रिकामी झाल्यावर ती खुर्चीत बसली. 

---

जी रीत लागू पडली ती साधी होती, आणि म्हणूनच तिचं भय वाटत होतं.

मूळ संख्या फुटत नाही. पण तिची शेजारीण, म्हणजे तिच्याहून एकाने कमी असलेली संख्या, फुटू शकते. सतरा फुटत नाही. सोळाचा मात्र दोन, दोन, दोन, दोन असा भुगा होतो. मूळ संख्या आणि तिची ही शेजारीण यांच्यात फर्माने सांगितलेलं एक जुनं नातं आहे. एकापासून सुरू करून दोनाने गुणत जा. जितक्या वेळा गुणलं, त्या आकड्याला शेजारणीने पूर्ण भाग जात असेल, तर आलेल्या उत्तरातून एक वजा केल्यावर जे उरतं, त्याला ती मूळ संख्या नेमकी भागते. मग मूळ संख्या ठाऊक नसली तरी चालतं. शेजारीण बारीक तुकड्यांची बनलेली असली, तर झाडून सगळे बारीक तुकडे एकमेकांशी गुणून जो आकडा येईल, तितक्या वेळा दोनाने गुणायचं, एक वजा करायचा आणि त्या सहाशे सतरा अंकी संख्येशी शाळेतला मसावि काढायचा. लपलेली मूळ संख्या अलगद हातात येते.

सहसा असं होत नाही. सहज हाताला लागलेल्या मूळ संख्येच्या शेजारणीत कुठेतरी एखादा अजस्र तुकडा असतोच, आणि तिथे रीत अडते. सुकुमारच्या संख्येत तसा तुकडा नव्हता. दोन्ही शेजारणी रव्यासारख्या बारीक होत्या.

हा योगायोग नव्हता. एकदा होईल, दोनदा कसा होईल? कुणीतरी त्या संख्या तशा घडवल्या होत्या.

---

तौफिक मुजावर तिचा जुना विद्यार्थी. ‘हृद्ताल’च्या कारखान्यात तो कंपनी बुडेपर्यंत होता, आता सांगलीच्या तंत्रनिकेतनात शिकवत होता. दुसऱ्या दिवशी त्रिशलाने त्याला थेट रोपवाटिकेतच बोलावलं. सुकुमारला तिने अजून काही सांगितलं नव्हतं. रात्रभर जागी राहिली होती ती. त्याच्या छातीचं वरखाली होणं बघत.

जास्वंदीच्या रोपांपाशी उभ्या उभ्याच तौफिकने सगळं ऐकलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“मॅडम, एक वजा करून बघितलंत?”

“बघितलं. सगळा भुगा.”

तो खाली बसला. “आमच्याकडे मूळ संख्या शोधत नव्हते. बांधत होते. बारीक तुकडे गुणायचे, एक मिळवायचा, आणि मूळ निघते का बघायचं. तसं केलं की ती मूळ आहे याची पक्की सिद्धता देता येते. नाहीतर फक्त ‘बहुधा मूळ आहे’ एवढंच म्हणता येतं. परवाना देणाऱ्यांना सिद्धता फार आवडली. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत होतं ते.”

“सगळ्या यंत्रांत?”

“सगळ्या.”

सुकुमार हातातली पाण्याची झारी तशीच धरून उभा होता. पाणी त्याच्या चपलांवर सांडत होतं. “मला कळेल असं कुणी बोलाल का?”

त्रिशलाने त्याला सांगितलं. कुलूप फुटलंय. ज्याच्याकडे हे दोन आकडे आणि हुकूम लिहायची रीत आहे, तो यंत्राला काहीही सांगू शकतो.

“पण हुकूम पोचवायला माझ्याजवळ यावं लागेल ना?”

तौफिकने मान हलवली. “नाही, काका. तुम्ही घराबाहेर असतानाही यंत्राची खबर डॉक्टरांना मिळावी म्हणून ते आजूबाजूच्या कुठल्याही फोनमधून बोलतं, आणि बोलताना आपली संख्याही सांगतं. फोन कुणाचाही असो. कंपनीचा इंटरनेटवरचा पत्ता आता कुणाच्या ताब्यात आहे, देव जाणे.”

तेवढ्यात त्रिशलाच्या पर्समधला फोन वाजला. सुकुमार साप दिसल्यासारखा मागे सरला. त्याची टाच एका कुंडीला लागली, कुंडी फुटली.

फोन श्रावस्तीचा होता. ती आनंदाने चिवचिवत होती. “मॅडम, चूक नव्हती प्रोग्राममध्ये! मी घरी गुणाकार करून बघितला. व्हिडिओ टाकलाय मी, कसला चाललाय! बाहेरदेशातले लोकपण विचारायलेत, हा नंबर कुठल्या मशीनचा म्हणून.”

“काढ तो,” त्रिशला म्हणाली. “आत्ताच्या आत्ता काढ.”

“काढते मॅडम, पण लोकांनी उतरवून घेतलाय ओ. काय झालं?”

 त्रिशलाने फोन बंद केला, मग तौफिकचाही बंद करायला लावला. रस्त्यावरून एक दुचाकी गेली. तिच्यावरच्या पोराच्या खिशातही फोन असणारच. तिघंही ती दुचाकी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

---

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. सुकुमार बाजारात जाईना, जैन बस्तीत दर्शनाला जाईना. गिऱ्हाईक आलं की शेडच्या मागे जाऊन उभा राहायचा आणि तिथूनच ओरडून भाव सांगायचा. घरात आता फोन ठेवला नव्हता, तरी शेजारच्या भिंतीपलीकडे फोन होतेच.

त्रिशलाने कुठेकुठे कळवलं. सरकारी खात्याने तक्रार नोंदवून घेतली. बुडालेल्या कंपनीची विल्हेवाट लावणाऱ्या वकिलाने, आमच्याकडे फक्त खुर्च्याटेबलं आहेत, असं सांगितलं.

एक दिवस ती संगणक मांडीवर घेऊन सुकुमारच्या समोर बसली, आणि तिने बघितलं की त्याचा हात नकळत छातीवर गेलाय. तिच्यापासून काहीतरी झाकावं तसा.

“अहो, मी आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे.” तो ओशाळला. हात मात्र त्याने काढला नाही. “पण आता ते आकडे तुझ्यापाशी आहेत ना? तू मनात आणलंस तर...”

“मी कशाला मनात आणीन?”

“तसं नाही गं. एवढी वर्षं आपण भांडलो, अबोला धरला, पण मला कधी भीती वाटली नाही. आता तू नुसतं त्या संगणकाकडे बघितलंस तरी काळजात लक्क होतं. मी काय करू? माझं काळीजसुद्धा माझं राहिलं नाही.”

त्रिशलाने संगणक मिटला. तिला रडू आलं नाही. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि त्यामुळे तिला स्वतःचीच भीती वाटली.

उपाय तौफिकने सांगितला होता. यंत्राच्या भाषेत एक हुकूम होता, ‘मौन’. तो दिला की यंत्र आपले कान कायमचे मिटून घेतं, पुढे कुणाचंच ऐकत नाही. ठोके देत राहतं, पण डॉक्टरांनाही त्यात काही बदलता येत नाही. आणि हा हुकूम घेताना यंत्र एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होतं. मधल्या वेळात सुकुमारचं हृदय, एवढ्या वर्षांत यंत्रावरच विसंबलेलं, एकटं असणार होतं. पुन्हा सुरू झालंच नाही तर? तौफिकने हा हुकूम फक्त कारखान्यातल्या टेबलावर चाललेला बघितला होता, माणसाच्या छातीत नाही.

“तू कर,” सुकुमार म्हणाला. “दुसऱ्या कुणी करण्याआधी तू कर.”

---

डॉक्टर हेरवाडे हे मिरजेतल्या एका लहान इस्पितळाचे हृदयतज्ज्ञ, सुकुमारला पहिल्यापासून बघणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“कायद्याने मी तुम्हाला हाकलून द्यायला हवं,” ते म्हणाले. “पण मग तुम्ही हे घरी कराल. त्यापेक्षा इथे करा. मी बाहेरून ठोका द्यायची तयारी ठेवतो.”

सकाळच्या उन्हात अतिदक्षता विभागाच्या एका कोपऱ्यातल्या पलंगावर सुकुमार आडवा झाला. छातीवर आणि पाठीवर दोन चिकट पट्टे लावले गेले. वरच्या पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती. तौफिकने हुकूम शब्दशः लिहून दिला होता. त्रिशलाने त्या दोन मूळ संख्यांची सही घालून तो बांधला. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर ‘मौन’च्या जागी काय होईल, हे तिने विचारलं नव्हतं.

सुकुमारने तिच्याकडे बघितलं. “रोपांना पाणी घालायला सांगितलंयस ना?”

“सांगितलंय.”

“मग दाब.”

तिने कळ दाबली.

आधी काहीच झालं नाही. मग हिरवी रेघ एकदा उडाली आणि सरळ झाली. सरळच गेली. सुकुमारचे डोळे उघडे होते, ते तिच्यावरच होते, आणि त्यांतली ओळख हळूहळू निघून जाताना तिला दिसली. ओठ निळसर झाले. डॉक्टरांचा हात बटणाकडे गेला. तौफिक पुटपुटत दुआ मागू लागला. त्रिशलाला वाटलं, आपणच. दुसऱ्या कुणी नाही, आपणच केलं हे.

रेघ उडाली. पुन्हा उडाली. मग एकसारखी उडत राहिली.

डॉक्टरांनी हात मागे घेतला आणि घाम पुसला. सुकुमारने मोठा श्वास घेतला, बुडता माणूस वर येऊन घेतो तसा. तौफिकने ‘हृद्ताल’शी बोलणारं वाचकयंत्र छातीजवळ धरलं. यंत्राने उत्तर दिलं नाही. पुन्हा धरलं. उत्तर नाही.

“मिटले कान,” तौफिक म्हणाला.

त्रिशला पलंगाच्या कडेला टेकली. सुकुमारने चाचपडत तिचा हात शोधला आणि आपल्या छातीवर नेऊन ठेवला.

---

आपलं माणूस वाचलं म्हणून गप्प बसता येणार नव्हतं. ज्या रीतीने सुकुमारची संख्या फुटली, तिने इतरांचीही फुटणार होती. डॉक्टर हेरवाड्यांनी आपल्या सगळ्या ‘हृद्ताल’वाल्या रुग्णांना बोलावलं आणि काही न लपवता सांगितलं. काही जण चिडले, काही रडले, एक वयस्कर गृहस्थ उठून गेले आणि परत आलेच नाहीत. बाकीच्यांनी संमती दिली. रोज सकाळी कॉलेजचा संगणक एकेक संख्या फोडी, रोज दुपारी त्याच कोपऱ्यात एकेकाचे कान मिटले जात. दर वेळी रेघ सरळ व्हायची. त्रिशलाला त्याची सवय शेवटपर्यंत झाली नाही. बातमी पसरली, दुसऱ्या गावांतले डॉक्टर रीत शिकून गेले. सरकारने समिती नेमली.

सुकुमार पुन्हा बाजारात जाऊ लागला.

तौफिकने एक कार्ड मात्र शेवटपर्यंत खिशातच ठेवलं होतं. ते त्याच्या आईचं होतं. शमाबींच्या छातीतही तेच यंत्र होतं. आपल्या आईची रेघ सरळ झालेली बघायचं धाडस त्याला होत नव्हतं. शेवटी त्याने कार्ड त्रिशलाच्या हातात दिलं.

ती संख्या फुटली नाही.

त्रिशलाने तुकडे किती मोठे धरायचे ती सीमा वाढवली, संगणक दिवसचे दिवस चालू ठेवला. संख्या ढिम्म हलली नाही. डॉक्टर म्हणाले, “मग चांगलंच आहे की! हे कुलूप पक्कं आहे.”

“नाही,” त्रिशला म्हणाली. “दोन्ही शेजारणींत एकेक तुकडा जरा मोठा लागलेला दिसतोय, एवढंच. आमच्या संगणकाला तो झेपत नाही. ज्यांच्याकडे आमच्या हजारपट मोठे संगणक आहेत, त्यांना झेपेल. आम्हाला ती फोडता येत नाही म्हणून आम्ही हुकूम देऊ शकत नाही. उद्या दुसरा कुणी देईल.”

अशा संख्या बाकी गावांतही निघाल्या. थोड्याच होत्या. त्या माणसांना एकच वाट होती. छातीला चीर देऊन यंत्रच, हृदयात रुतलेल्या तारांसकट, बदलायचं.

शमाबी उतारवयाच्या, साखरेचा आजार, अंगात ताकद नाही. त्रिशला स्वतः त्यांच्या घरी गेली. शमाबींनी तिला पाट दिला, पुढ्यात सरबत ठेवलं आणि सगळं शांतपणे ऐकलं.

“मॅडम, तुमचं ते गणित मला नको,” त्या म्हणाल्या. “मी भ्यायचं का नाही, तेवढं सांगा.”

त्रिशलाला खोटं बोलता आलं असतं. “भ्यायचं,” ती म्हणाली. “ऑपरेशनला पण भ्यायचं. पण ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर शेजारी असतील.”

शमाबींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “मग तारीख घ्या.”

ऑपरेशन लांबलं. मध्ये एकदा दार उघडून आतून रक्त मागवलं गेलं. तौफिक भिंतीला डोकं टेकून उभा होता, सुकुमार त्याच्या पाठीवर हात ठेवून. संध्याकाळच्या आत डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “बाई चिवट आहेत.”

---

काढलेलं जुनं यंत्र तौफिकने घरी आणलं. त्याच्या तारांना एक बारीक दिवा जोडला आणि ते खिडकीतल्या टेबलावर ठेवलं. शेजारी एक फोन, मुद्दाम चालू ठेवलेला. यंत्राला कळत नव्हतं की आपण छातीत नाही. ते इमानाने ठोके देत होतं आणि दिवा लुकलुकत होता.

“हे कशाला?” त्रिशलाने विचारलं.

“कुणाला जमतंय का ते कळायला,” तौफिक म्हणाला.

शमाबींना घरी आणून पंधरवडा झाला होता. त्रिशला आणि सुकुमार त्यांना भेटायला दुपारचे आले होते. सुकुमारने मोगऱ्याचं रोप आणलं होतं. आतल्या खोलीत शमाबी त्याला विचारत होत्या, याला ऊन किती लागतं. बाहेर त्रिशला आणि तौफिक टेबलापाशी उभे होते. बाकीच्या गावांतल्या लोकांबद्दल ते बोलत होते. ज्यांच्या संख्या फुटल्या नव्हत्या आणि ज्यांची ऑपरेशनची पाळी अजून आली नव्हती, त्यांच्याबद्दल. इस्पितळं म्हणत होती, एवढी घाई कशाला, अजून तरी कुणाला काही झालेलं नाही.

बोलता बोलता तौफिक थांबला.

दिवा विझला होता.

त्याने तार हलवून बघितली. तार पक्की होती. त्याने वाचकयंत्र लावलं. बॅटरी भरलेली होती, बिघाड काही नव्हता. यंत्राने नोंदलेला शेवटचा हुकूम पडद्यावर आला. तो ‘मौन’ नव्हता. हुकूम होता, ‘थांब’. खाली लिहिलं होतं: ‘सही बरोबर. अंमल केला.’

 बाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत जात होता. हा हुकूम कुणी दिला, कुठल्या देशातून, चाचणी म्हणून की खरोखर मारायला, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. ज्याने दिला, त्याच्या दृष्टीने मिरजेतली एक म्हातारी नुकतीच मेली होती.

तौफिक सरळ आतल्या खोलीत गेला आणि त्याने आईचं मनगट धरलं.

“क्या हुआ रे?” शमाबींनी विचारलं.

 तो मनगट धरून तसाच बसून राहिला. सुकुमारने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग दारातून बाहेर, त्रिशलाकडे. तिने फोन उचलला होता. या वेळी सुकुमार मागे सरला नाही. उठून तिच्याजवळ आला.

“डॉक्टर,” त्रिशला फोनवर बोलत होती, “ऑपरेशनच्या पाळीत असलेल्या सगळ्यांना आजच बोलवा. सगळ्या गावांना कळवा. उद्या नाही, डॉक्टर. आज.”